रविवारची शाळा : मराठी बालशिक्षणाचे एक दुर्लक्षित पान

मराठी शाळांचा इतिहास सांगावयाचा झाला, की आपण बहुधा पुण्यापासून प्रारंभ करतो. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेली मुलींची शाळा, १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेले न्यू इंग्लिश स्कूल आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभी केलेली रयत शिक्षण संस्था, हा क्रम आपणां सर्वांना परिचित आहे. आपली शाळाही दूर दिल्लीत असली, तरी याच कुळातील आहे असे आपण अभिमानाने मानतो. परंतु या मुख्य प्रवाहाच्या काठाने आणखी एक धारा वाहत आली आहे. तिची नोंद पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. ती धारा म्हणजे चर्चमध्ये भरणारी मुलांची रविवारची शाळा. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत तिला ‘संडे स्कूल’ म्हणतात. जुन्या पिढीच्या तोंडी ‘शब्बाथ शाळा’ हा शब्द असे.

हीरक महोत्सवी स्मरणिकेत हा विषय का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे एक कारण आपल्या हजेरीपटात आहे. लक्ष्मीबाई नगर आणि भोवतालच्या सरकारी वसाहतींत महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून कर्मचारी बदलून येतात. त्यांत अहमदनगर, सोलापूर, जालना, नागपूर या भागांतील ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्यांच्या घरची भाषा मराठी, ओव्या मराठी, शिव्याही मराठी. तरीही नाव ऐकताच ‘तुम्ही मराठी कसे?’ हा प्रश्न त्यांच्या मुलांच्या वाट्याला येतो, आणि तो केवळ दिल्लीकरांकडून नव्हे, आपल्याच माणसांकडूनही येतो. ज्या मुलाला स्वतःच्या घराचा इतिहास शाळेत कधी भेटत नाही, ते मूल वर्गात बसूनही थोडे उंबऱ्याबाहेरच राहते. दुसरे कारण लेखाच्या अखेरीस येईल.

रविवारच्या शाळेचा उगम धर्मशिक्षणाइतकाच दारिद्र्यात आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ग्लॉस्टर या गावी टाचण्या बनविण्याचे कारखाने होते आणि त्यांत लहान मुले आठवड्याचे सहा दिवस राबत. सातव्या दिवशी ती रस्त्यावर मोकाट हिंडत. ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली या मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू केला. तेथे प्रथम शिकविले जाई ते वाचन. बायबल हे वाचनाचे पुस्तक होते आणि ध्येयही. १७८३ मध्ये रेक्स यांनी आपल्या पत्रात या प्रयोगाची हकिकत छापली आणि तो देशभर पसरला. १८३१ पर्यंत ब्रिटनमध्ये सुमारे साडेबारा लाख मुले अशा शाळांत जाऊ लागली होती. लेखन शिकविणे हे ऐहिक काम, ते पवित्र दिवशी करावे की नाही, यावर तेथील काही पंथांत कडाक्याचे वाद झाले आणि कित्येक ठिकाणी मुलांना वाचता येई, पण लिहिणे मुद्दाम शिकविले जात नसे. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर अक्षरओळखीचे काम सरकारी देखरेखीखालील शाळांकडे गेले आणि रविवारच्या शाळेकडे केवळ धर्मशिक्षण उरले.

आपल्याकडे कामगाराच्या रविवारचा इतिहास वेगळा असला, तरी त्याचे या कथेशी नाते आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे सात वर्षांचे मूल गिरणीत नऊ तास काम करू शकत होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी यासाठी सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. ज्या दिवशी आपण शाळेला कुलूप लावतो, तो दिवस कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी एकेकाळी शिकण्याचा एकमेव दिवस होता, हे शिक्षकांनी विसरता कामा नये.

महाराष्ट्रात ख्रिस्ती बालशिक्षण मात्र रेक्स यांच्याही आधी, गोव्याच्या वाटेने आले. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूरच्या मुद्रणालयात छापले गेले. केवळ प्रश्नोत्तरांची धर्मतत्त्वे पाठ करून माणसांचे मन भरत नाही, त्यांना पुराणासारखी कथा हवी असते, ही त्या ग्रंथामागील जाणीव होती. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती आजही ओळखीची वाटेल. मराठी भाषेवर त्या परदेशी माणसाने केलेले प्रेम आपण जाणतो. मात्र त्या प्रेमामागचे अध्यापनशास्त्र आपण फारसे लक्षात घेत नाही.

पुढील अध्याय मुंबईत सुरू होतो. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. त्यांच्या शाळा मराठीतून चालत. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. प्रथम मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरात तिने मुलींना शिकविले, आणि १८६२ साली नगरातच देह ठेवला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी लगेच मुलींच्या शाळा सुरू केल्या. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि १८४८ साली नगरला फरारबाईंची शाळा पाहिल्यानंतर मुलींच्या शाळेचा त्यांचा निश्चय दृढ झाला. भिडेवाड्याच्या ज्या शाळेला आपण उगम मानतो, तिच्यामागे नगरच्या एका मिशन शाळेची ही प्रेरणा होती.

या मंडळींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांनीही ते कधी लपविले नाही. पण हेतू आणि परिणाम यांची गणिते वेगवेगळी असतात. कुलाबा व मुंबई परिसरातील बेने इस्रायली मुले या शाळांत मोठ्या संख्येने शिकली. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. त्या मुलांनी मराठी व हिब्रू आत्मसात केली, आपल्या धर्मग्रंथाशी त्यांची नव्याने ओळख झाली, आणि अपवाद वगळता ती ज्यूच राहिली. पुण्यात फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाने छापला. नगरला १८४२ साली सुरू झालेल्या या पत्राने एका शाळकरी मुलीच्या संतापाला जागा दिली, ही मराठी पत्रकारितेतीलही मोठी घटना आहे.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही मुलांच्याच जीवनाशी निगडित आहे. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शाळेची पटसंख्या एकदम कोसळली. १८४३ साली नारायण शेषाद्री परळीकर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा वर्षांच्या आसपास, मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मूल अल्पवयीन आहे, म्हणून न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. पण कथा तेथे संपली नाही. ख्रिस्ती घरात राहून आलेल्या मुलाला जातीत परत घ्यावयाचे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात मोठी फूट पडली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे या पक्षाचे होते आणि त्यासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. एका बाजूस मुलाला आपल्या धर्मात आणू पाहणारे वडीलधारे, दुसऱ्या बाजूस त्याला आपल्याच घरात शिरू न देणारे वडीलधारे. आणि मध्ये एक बारा वर्षांचा मुलगा. त्याला काय वाटते, हे विचारण्यास कोणापाशी वेळ होता असे दिसत नाही.

पन्नास वर्षांनंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असा करार होता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या व आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले, रानडे व भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करावे, तर स्वतःच्या श्रद्धेची चोरी. उघडे ठेवावे, तर पालकांच्या विश्वासाला तडा. रमाबाईंच्या विरोधकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही, आणि रमाबाईंनी दार लावून घ्यावयास हवे होते असेही म्हणवत नाही. शिक्षकाचे अस्तित्वच मुलांवर संस्कार करीत असते. तो काय शिकवितो याच्याइतकाच तो काय आहे याचाही परिणाम होतो. हा पेच कोणत्याही धर्माच्या शिक्षकाला चुकलेला नाही.

या पेचातून वाट काढण्याचे काम अखेर आपल्याच शहरात, संविधान सभेत झाले. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणास मज्जाव केला. आणि शासनमान्य वा अनुदानित शाळेत अशा शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येणार नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती आवश्यक राहील, असे ठरविले. श्रीपत परळीकर व शारदा सदन या प्रकरणांत जो प्रश्न चिघळला होता, त्याला शंभर वर्षांनी मिळालेले हे शहाणे उत्तर होय. दैनिक शाळा सर्वांची राहिली. धर्माचे शिक्षण घर, मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्याकडे राहिले. रविवारच्या शाळेला तिची योग्य जागा मिळाली, ती अशी.

आता ती शाळा आतून पाहू. भारतात या शाळांची संघटना, इंडिया संडे स्कूल युनियन, १८७६ साली अलाहाबाद येथे स्थापन झाली. त्याच दशकात मराठीत ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक मिशनने सुरू केले. विनायक कोंडदेव ओकांचे सुप्रसिद्ध ‘बालबोध’ १८८१ सालचे. म्हणजे मुलांसाठी मराठीत मासिक असावे, ही कल्पना त्याआधीच अमलात आली होती. रविवारच्या शाळेचा पाठ साधा असे आणि आजही असतो. उपासनेच्या आधी किंवा नंतर मुले वयाप्रमाणे गटांत बसतात. प्रार्थना, गायन, पवित्र शास्त्रातील एक कथा, तिच्यावर प्रश्न आणि शेवटी पुढच्या रविवारी पाठ करून आणावयाचे एक वचन. लहानग्यांना चित्रपत्रिका मिळते. नाताळात संवाद व गीते बसवितात, वार्षिक परीक्षा होते, बक्षिसे वाटतात. शिक्षक म्हणजे मंडळीतीलच कुणी परिचारिका, कुणी कारकून, कुणी महाविद्यालयीन मुलगी. वेतन नाही, पदवीची अट नाही.

या साध्या पाठाने काय साधले, हे समजण्यास नगर जिल्ह्याचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेली. ज्यांच्या मुलांना गावच्या शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत, त्यांची मुले रविवारी पुस्तक हातात घेऊन सर्वांसमोर उभी राहून वाचू लागली. उच्चार नीट करणे, चारचौघांत बोलणे, गाणे, प्रश्नाला उत्तर देणे आणि मुलाशेजारी मुलीने बसणे हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नव्हते, पण ते दर आठवड्याला मिळत होते. जातिभेद मंडळीत पूर्णपणे मावळला असे नव्हे. पण प्रतिष्ठेची एक नवी सवय त्या मुलांना लागली, आणि ती पुढच्या पिढीत शिक्षक, परिचारिका व लेखक होऊन प्रकट झाली.

या शाळेला खरी मराठी वाणी दिली ती कवींनी. आरंभीची गायने पुष्कळदा इंग्रजी चालींत बेतलेली, अंगात न बसणाऱ्या कपड्यासारखी. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरच्या गीतकारांनी त्यांना देशी चाली दिल्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर अभंग, ओवी व पद या रूपांत शंभरांहून अधिक गायने लिहिली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा तो आजही कणा आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. हिंदू असोत वा ख्रिस्ती, सर्व मराठी घरांनी त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून आपले मानले.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. आपल्या वसाहतीला नाव आहे झाशीच्या राणीचे. या लक्ष्मीबाई निराळ्या, पण शौर्यात उण्या नाहीत. पतीने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, सोवळ्याओवळ्याशी मनात झुंजल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ नव्हतेच. तरी त्यांच्या घरात कितीतरी परकी, पोरकी मुले वाढली आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ने मराठी आत्मचरित्राला एक नवा आदर्श दिला. पतीचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुरे केले. ज्या परंपरेत अशिक्षित गृहिणी महाकाव्य पुरे करते, त्या परंपरेला मराठी संस्कृतीच्या बाहेरची म्हणणे हे आपलेच दारिद्र्य ठरेल.

रविवारच्या शाळेची कल्पना ख्रिस्ती मंडळीपुरती राहिली नाही. प्रार्थना समाजानेही मुलांसाठी रविवारचे वर्ग चालविले. ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकून आलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांना या पद्धतीचे महत्त्व पूर्णपणे उमगले होते. आठवड्यातून एक तास, घराजवळची जागा, बिनपगारी पण निष्ठावान शिक्षक आणि मातृभाषेतील गाणे व गोष्ट, एवढ्या भांडवलावर ही संस्था दोनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली आहे.

येथे मी दुसऱ्या कारणाशी येते. मराठी माध्यमाच्या शाळेला दिल्लीत आज काय भोगावे लागते, हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना सांगावयास नको. शेजारच्या वसाहती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, बदल्यांचे स्वरूप पालटले आहे, आणि आपले कित्येक माजी विद्यार्थी, जे या शाळेवर मनापासून प्रेम करतात, ते आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पालकाचा निर्णय हा भवितव्याच्या चिंतेतून येतो. परंतु ती मुले घरी मराठी समजतात आणि हिंदीत उत्तर देतात, बाराखडी ओळखतात आणि पुस्तक वाचत नाहीत. आणखी एका पिढीत समजणेही सरेल.

नगरच्या खेड्यांतील मंडळीजवळ इमारत नव्हती, अनुदान नव्हते, प्रशिक्षित शिक्षक नव्हते. तरी आठवड्यातील एका तासाने त्यांनी मुलांना वाचावयास शिकविले, कारण तो तास कधी चुकला नाही. आपल्यापाशी इमारत आहे, फळे आहेत, ग्रंथालय आहे. रविवारी ते सर्व बंद असते. म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने मी एवढेच मागणे मांडते, की या परिसरात राहणाऱ्या, कोणत्याही शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी आपल्या शाळेची एक खोली दर रविवारी सकाळी एक तास उघडी असावी. गोष्ट, गाणे, वाचन आणि पाठ करून आणावयाची चार ओळींची एक कविता. धर्मशिक्षण तेथे नसेल. ते ज्याच्या त्याच्या घरी व उपासनास्थळी होईल. तेथे ज्ञानोबा असतील, मुक्ता साळवे असेल आणि फुलांमुलांचे कवी टिळकही असतील, म्हणजे नगरहून आलेल्या मुलाला आणि साताऱ्याहून आलेल्या मुलीला आपापले घर एकाच पुस्तकात सापडेल.

शिकविणारे मात्र आपणच असले पाहिजे. शाळेतील शिक्षकांवर आठवडाभराचा भार आहे, आणि रविवारच्या शाळा पगारी माणसांवर कधी चालल्याही नाहीत. ज्या माजी विद्यार्थ्यांना महिन्यातून एक रविवार देणे शक्य आहे, त्यांनी कार्यालयात आपले नाव व सोयीचा रविवार नोंदवावा. चार जण मिळाले तर एक वर्ग सुरू होतो. खोली क्रमांक दोनची किल्ली मी शिपायांकडे ठेवण्यास सांगितले आहे.